रेसची गाडी ट्रॅकवर बिघडली तर पाना उचलायच्या आधी काय विचारायचं

मे महिन्यातला रविवार. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या पुढं एका ओळखीच्या माणसाची मोकळी जमीन आहे, तिथं पोरांनी मुरूम टाकून जुने टायर लावून राउंड आखलाय आणि तिथं आमच्या भाच्याची जुनी कार्बोरेटरवाली एस्टीम पळत होती. सकाळी साडेसहाला अशी पळाली की बघणारी माणसं उठून उभी राहिली. एक वाजता मी डबा घेऊन गेलो तर बॉनेट उघडं, तीन पोरं तीन बाजूंनी वाकलेली, एकजण डिस्ट्रिब्युटर फिरवतोय, एकजण कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बदलतोय, तिसऱ्यानं चारी प्लग काढून नवे लावायला घेतलेत. भाचा म्हणतो, "मामा, इंजिन गेलं बघा. बोअरलाच काढावं लागणार आता."

इंजिन गेलं नव्हतं. काय झालं होतं ते पुढं सांगतोच, पण त्या तिघांनी वीस मिनिटांत काय करून ठेवलं होतं ते आधी बघा. ठिणगीचं टायमिंग हललेलं, जेट दुसरा, प्लग नवे. आता गाडी नीट चालली असती तरी कशामुळं चालली ते कुणाला सांगता आलं नसतं, आणि नसती चालली तर मूळ बिघाड कुठला आणि आपण केलेला कुठला हेच कळलं नसतं. पोरं मेहनती आहेत, हुशार आहेत, मला त्यांचा अभिमान वाटतो, म्हणूनच हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय, कारण ट्रॅकवर वेळ कमी असतो आणि घाईत हात आधी चालतो.

माझे वडील चादरीच्या लूमवर जॉबर, म्हणजे माग बघणारे मिस्त्री, होते. चादरीत दोष आला की ते मशीन लगेच खोलायचे नाहीत, आधी कापड पुढ्यात घ्यायचे, दोष कुठं पडलाय, परत किती अंतरावर पडलाय, तेवढ्याच अंतरावर पडतोय का कमीजास्त, हे बघायचे. ठराविक अंतरावर पडत असेल तर फिरणारा एखादा ठराविक पार्ट धरायचा, कधीही कुठंही पडत असेल तर धागा नाहीतर ताण बघायचा. मी पुढं इंजिनच्या कामात आलो तेव्हा कळलं की हे तसंच्या तसं लागू पडतं. इंजिन एका ठेक्यात मिसिंग मारत असेल, म्हणजे पेटायचं चुकत असेल, फट्... फट्... फट्..., तर बहुतेक एकच सिलेंडर बसलाय, म्हणजे काम करत नाही, प्लग बघा, वायर बघा, वॉल्व्ह बघा. ठेका नसेल, मधेच मारतं मधेच नाही, तर चारी सिलेंडरला मिळून जी गोष्ट जाते तिथं गडबड आहे, म्हणजे पेट्रोल, मेन करंट, अर्थिंग. एवढ्या एका फरकावर निम्मं काम वाचतं.

आता मुळातलं. पेट्रोल इंजिनला लागतं काय? हवा, पेट्रोल, ठिणगी आणि दाब, आणि हे सगळं बरोबर वेळेला. यापलीकडं पाचवं काही नाही. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, फुल रेसला ताकद काढायची असेल तर थोडं पेट्रोल जास्त सोडतात, म्हणजे १ ला साडेबारा ते तेरा. हवेच्या मानानं पेट्रोल जास्त झालं की मिश्रण रिच, कमी झालं की लीन. रिच झालं तर गाडी जड पळते, काळा धूर, प्लग काळे. लीन झालं तर आधी बरं वाटतं, कधीकधी गाडी जोरातच पळते, आणि मग पिस्टनला भोक पडतं. म्हणून शंका असेल तेव्हा रिचच्या बाजूला राहायचं.

आणि वेळ किती कमी असते बघा. ६००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ६००० फेऱ्यांना, प्रत्येक सिलेंडरमध्ये सेकंदाला ५० वेळा पेट्रोल पेटतं, चार सिलेंडरचं मिळून २०० ठिणग्या सेकंदाला. ठिणगीला करंट देणारी कॉइल थोडी कमजोर असली तर स्लोला काहीच कळत नाही, बाजारात जाऊन या, पेठेत फिरवून आणा, गाडी मस्त. ट्रॅकवर साडेपाच हजारच्या वर गेली की ठिणगी पुरत नाही आणि मिसिंग सुरू. "गॅरेजमध्ये तर बरी होती" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, आणि खरंच बरी असते, कारण गॅरेजमध्ये तिच्यावर लोडच नसतो.

म्हणून पहिला प्रश्न ड्रायव्हरला विचारायचा आणि तो असा, नेमकं कधी होतं? काय झालं ते नंतर. ड्रायव्हर येऊन म्हणतो पिकअप नाही, दम नाही, इंजिन गेलं, यातलं काहीही धरून बसू नका. गार असताना का गरम झाल्यावर, पहिल्या राउंडला का सहाव्या, सरळ पट्ट्यावर फुल रेसला का वळणात, डाव्या वळणात का उजव्या, खड्ड्यातून गेल्यावर का सपाट जागेवर. त्याला पाणी द्या, हेल्मेट काढू द्या, दोन मिनिटं बसू द्या, मग विचारा, कारण उतरल्या उतरल्या तो चिडलेला असतो.

त्या दिवशी मी भाच्याला बाजूला सावलीला घेतलं. म्हटलं, "आता डोळे मिटून सांग, नेमकं काय करूलालती गाडी?" तो म्हणाला, "पाच राउंड मस्त जाते मामा, सहाव्याला लांब पट्ट्यावर दम सोडते, मग फटफट फटफट, आत आणून पाच-दहा मिनिटं थांबली की परत पहिल्यासारखी."

सगळं उत्तर त्यातच होतं. फुल रेसला दम जातो म्हणजे पेट्रोल मागणीएवढं येत नाही. पाच राउंड बरी म्हणजे कार्बोरेटर आणि जेट ठीक आहेत, नाहीतर पहिल्याच राउंडला कळलं असतं. थांबल्यावर आपोआप बरी होते म्हणजे काहीतरी हळूहळू साचतं आणि थांबलं की सुटतं. मी डिकीत गेलो, पोरांनी तिथं छोटी टाकी बसवलीय, तिचं झाकण फिरवलं आणि सुस्स करून हवा आत ओढली गेली. झाकणाला श्वास घ्यायचं जे बारीक भोक असतं ते मुरमाच्या धुळीनं आणि तेलकट घाणीनं बुजलं होतं. पेट्रोल बाहेर जातंय पण त्याच्या जागी हवा येत नाही, टाकीत ओढ तयार होते, पंपाला पेट्रोल ओढवेना. थांबलं की कुठून तरी थोडी हवा शिरते आणि गाडी परत शहाणी. पिन घालून भोक साफ केलं. मग टायमिंग, जेट, प्लग परत होतं तिथं आणायला पाऊण तास गेला.

इथं एक सांगायलाच पाहिजे, व्हेपर लॉकची लक्षणं पण जवळपास अशीच वाटतात आणि आपल्याकडच्या उन्हात तो होतोच. इंजिनजवळच्या नळीत पेट्रोल तापून त्याची वाफ होते, पंप वाफ ढकलू शकत नाही. पण फरक असा आहे की व्हेपर लॉकवाली गाडी बंद करून ठेवली की जास्त रुसते, कारण पळताना जी हवा आणि जे गार पेट्रोल येत असतं ते बंद होतं आणि इंजिनची सगळी धग वर चढते, दहा मिनिटांनी सेल्फ मारा, चालूच होत नाही. झाकणवाली गाडी थांबली की सुधारते. पंपावर आणि नळीवर ओला कपडा टाकून चालू झाली तर व्हेपर लॉक, झाकण सैल करून एक राउंड मारला आणि बरी पळाली तर झाकण. (सैल झाकणानं फक्त हळू एक राउंड बघायला, आणि टाकी काठोकाठ भरलेली नसताना. वळणात पेट्रोल सांडलं तर आगीचा खेळ होतो, तपासून झालं की झाकण घट्ट.) दोन्ही तपासण्यांना एक रुपया लागत नाही.

बाकीच्या "कधी"ची उत्तरं पण अशीच निघतात. वळणात गाडी भुकेली होते आणि सरळ आल्यावर सावरते, तर कार्बोरेटरच्या फ्लोटची (आतलं पेट्रोल ठराविक पातळीला ठेवणारा तरंगता भाग) लेव्हल बघा नाहीतर टाकीत पेट्रोल कमी असल्यानं ते एका बाजूला जाऊन ओढणी, म्हणजे पेट्रोल ओढणारी नळी, उघडी पडतेय, आधी टाकी अर्ध्याच्या वर भरून बघा. खड्ड्यातून गेल्यावर एकदम करंट गेल्यासारखं होऊन परत येतं तर वायर, जोड, अर्थिंग, दुसरं काही बघू नका. फक्त स्लोला, म्हणजे रेस न देता नुसती चालू असताना, थरथरते आणि रेस दिली की गुळगुळीत, तर कुठून तरी फुकटची हवा आत येतेय, कार्बोरेटरच्या खालचं पॅकिंग, मॅनिफोल्ड, ब्रेक बूस्टरची नळी. रेस दिल्यावर आत येणारी हवाच एवढी असते की ती चोरटी हवा त्यात कळत नाही, म्हणून लपते.

फुकटच्या हवेसाठी व्हॅक्यूम गेज (इंजिनची ओढ मोजणारा मीटर) लावतात. पुस्तकात लिहिलेलं असतं की चांगल्या इंजिनचा काटा स्लोला १७ ते २१ इंचावर स्थिर पाहिजे. पण ते समुद्रसपाटीचं आहे. दर हजार फुटाला साधारण एक इंच कमी धरायचं, सोलापूर दीड हजार फुटांवर आहे, म्हणजे आपल्याकडं दीड इंच आधीच कमी. एका पोरानं काटा पुस्तकापेक्षा खाली बघून पिस्टनच्या रिंग गेल्या म्हणून इंजिन खोललं होतं. आणि रेसची कॅमशाफ्ट (वॉल्व्ह उघडणारा दांडा) टाकली असेल तर काटा अजून खाली राहणार आणि थोडा नाचणार, तो बिघाड नव्हे.

उंचीवरून आणि उन्हावरून अजून एक गोष्ट, ती मला फार महत्त्वाची वाटते. सकाळी २५ डिग्री आणि दुपारी ४२, एवढा फरक आपल्याकडं मे महिन्यात सहज पडतो. गरम हवा विरळ असते, हिशोब केला तर दुपारी त्याच सिलेंडरमध्ये सकाळपेक्षा जवळजवळ साडेपाच टक्के हवा कमी जाते, आणि बॉनेटखालची तापलेली हवा ओढत असेल तर अजून कमी. हवा कमी म्हणजे ताकद कमी. आणि कार्बोरेटरला हे कळत नाही, तो जवळपास तेवढंच पेट्रोल सोडत राहतो, म्हणजे दुपारी मिश्रण थोडं रिच होतं. सकाळच्या वेळेपेक्षा दुपारचा राउंड थोडा हळू आला तर गाडीत काही बिघडलंच असेल असं नाही, हवाच तशी आहे. दुसऱ्या गाड्यांच्या वेळा पण विचारा, सगळ्यांच्याच उतरल्या असतील तर पाना पेटीत ठेवा.

याच्या उलटं जास्त धोक्याचं. इथं सोलापुरात जेट सेट केलेली गाडी ट्रकवर घालून चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईच्या ट्रॅकवर नेली, तर तिथं समुद्रसपाटीची दाट हवा. हवा जास्त, जेट तोच, मिश्रण लीन. तिथं पोचल्यावर पहिल्या प्रॅक्टिसला गाडी काय उचलते म्हणून सगळे खूश असतात आणि त्याच वेळी आत पिस्टन तापत असतो. कोइंबतूरच्या कारी ट्रॅकला हा त्रास कमी, ती जागा बरीचशी आपल्यासारख्याच उंचीवर आहे. त्यात आता पंपावर मिळतं ते ई२० पेट्रोल, त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, आणि इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे १४.७ चा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. जुन्या पेट्रोलवर सेट केलेला कार्बोरेटर ई२० वर आपोआप लीन चालतो. जेट एक-दोन नंबर वर घ्यावा लागतो, आणि जुन्या रबराच्या नळ्या हाताने दाबून बघायच्या, मऊ चिकट झाल्या असतील नाहीतर चिरा पडल्या असतील तर बदलायच्या.

मग रिच का लीन कसं ओळखायचं? प्लग. पण स्लोला चालवत पिटमध्ये आणून काढलेला प्लग काहीच खरं सांगत नाही, तो शेवटच्या दोन मिनिटांचं सांगतो. नवा प्लग लावा, फुल रेसवर सरळ पट्टा मारा, आणि तिथंच क्लच दाबून चावी बंद, घरंगळत बाजूला घ्या. (मागून कुणी येत नाही हे आधी बघा आणि मार्शलला सांगून ठेवा.) आता प्लग काढा. चहाच्या रंगाचा, फिकट तपकिरी असेल तर छान. कोरडा काळा काजळीवाला, रिच. पांढरा खडूसारखा, लीन नाहीतर फार तापतोय. ओला तेलकट, रिंग किंवा वॉल्व्हचं सील. आणि पांढऱ्या चिनी मातीवर बारीक चकचकीत ठिपके दिसले, मिरी दळून भुरभुरल्यासारखे, तर तिथंच थांबायचं, ते पिस्टनचं ॲल्युमिनियम असू शकतं, आत ठोके पडतायत. पुढचा राउंड नाही.

चारही प्लग एकमेकांशेजारी ओळीनं, सिलेंडरच्या नंबरानं ठेवा. एकटा वेगळा असेल तर त्या सिलेंडरची गोष्ट, चारी सारखे वाईट तर कार्बोरेटरची, टायमिंगची नाहीतर पेट्रोलची. परत तीच चादर.

कुठला सिलेंडर बसलाय ते शोधायची सोपी रीत म्हणजे गार इंजिन चालू करून एक मिनिटात एक्झॉस्टच्या चार नळ्यांवर बाटलीतून थेंब थेंब पाणी टाकायचं. तीन नळ्यांवर चर्र होऊन उडून जातं, एकीवर नुसतं ओघळतं. ती मेलेली. टेम्परेचरची गन असेल तर तिनं बघा. बरेचजण चालू इंजिनवर प्लगची वायर हातानं उपटतात, तसं नका करू. जुन्या गाडीला करंट बसतो आणि नव्या इंजेक्शनच्या गाडीत कॉइल नाहीतर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) उडतो. ठिणगी बघायची तर टेस्टर मिळतो, तो लावा, आणि आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नाही हे बघून.

अर्थिंगचं थोडं जास्त सांगतो कारण रेसच्या गाडीत हा बिघाड सगळ्यात जास्त वेळ खातो. गाडी सोलली जाते, नवा रंग मारला जातो, बॅटरी पुढून मागं नेली जाते, आणि निगेटिव्हची केबल रंगावरच बोल्ट मारून बसवलेली असते. दिसायला घट्ट, आतून करंटला वाट नाही. मीटर घ्या, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह ठोकळ्यावर, दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर, कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्धा व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थिंग खराब, जितकं कमी तितकं चांगलं. रंग खरवडून लोखंड उघडं करा, बोल्ट घट्ट मारा. बॅटरी उभी असताना १२.६ च्या आसपास पाहिजे, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४, त्याच्या खाली असेल तर डायनमो नाहीतर बेल्ट. बॅटरी उतरत जाते तशी ठिणगी कमजोर होते, आणि मग "दुपारनंतर गाडी बिघडते" म्हणून सगळे कार्बोरेटर खोलत बसतात.

हवा, पेट्रोल, ठिणगी तिन्ही ठीक निघालं तरच दाबाकडं यायचं. कॉम्प्रेशन बघताना इंजिन गरम पाहिजे, चारी प्लग बाहेर, इग्निशनची आणि पंपाची लाईन काढलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, चांगली बॅटरी, आणि प्रत्येक सिलेंडरला सेल्फ सारखाच, चार-पाच ठोके. ॲक्सिलरेटर दाबायचं विसरलात तर चारी आकडे खोटे कमी येतात. आकडा केवढा यावा हे इंजिनवर आहे, साध्या चांगल्या पेट्रोल इंजिनला साधारण १५० ते २०० पीएसआय येतं, पण आकड्यापेक्षा चौघांतला फरक बघा, दहा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. एक कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत बघायचं, आकडा चढला तर रिंग, नाही चढला तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन एकदम कमी, तर त्या दोघांमधलं हेड गॅस्केट फुटलंय असं धरून चाला.

कंप्रेसर असेल तर अजून सोपं, दोन्ही वॉल्व्ह बंद असताना पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि कान लावायचा. कार्बोरेटरमधून सुस्स आलं तर हवा घेणारा वॉल्व्ह, सायलेन्सरमधून आलं तर धूर सोडणारा, ऑइल टाकायच्या झाकणातून आलं तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. इंजिन स्वतःच सांगतं कुठं दुखतंय. मला हे करताना दर वेळी बरं वाटतं.

आता पाणी. मुरमाच्या ट्रॅकवर रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि खडे बसतात, हवा आरपार जात नाही, काटा चढत जातो. जाळी धुताना इंजिनच्या बाजूनं बाहेर पाणी मारा, पुढून मारलं तर घाण अजून आत बसते. फक्त उभी असताना गरम होते आणि पळताना उतरते तर पंखा बघा. पळताना गरम होते आणि थांबली की उतरते तर रेडिएटर, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, नाहीतर लीन मिश्रण, नाहीतर गॅस्केट. सगळ्यात फसवणारं असं की काटा लालकडं चाललेला असतो आणि एकदम खाली येतो. ड्रायव्हरला वाटतं, चला, गार झाली. पाणीच निघून गेलेलं असतं, सेन्सरला पाणी लागत नाही म्हणून तो कमी दाखवतो. काटा एकदम पडला की त्याच क्षणी चावी बंद, हे ड्रायव्हरला आधीच पाठ करून ठेवा.

गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका म्हणतात ते का? आत दाब असतो, साधारण ०.९ बारचं झाकण असलं तर पाणी १२० डिग्रीच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण काढलं की दाब गेला, आणि शंभराच्या वरचं पाणी क्षणात उकळून तोंडावर येतं. एका ओळखीच्या मिस्त्रीचा हात मी भाजलेला बघितलाय, महिनाभर पाना धरता आला नाही त्याला. आणि तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, मग गॅस्केट कितीही बदला. बॉनेट उघडा आणि अर्धा तास बसा.

शेवटचं ऑइल, यात मी कुणाचं ऐकत नाही. जुना ठोकताळा आहे, दर १००० आरपीएमला १० पीएसआय. त्याच्या जवळपास असेल तर ठीक. लांब वळणात ऑइलचा काटा पडत असेल आणि सरळ आल्यावर परत चढत असेल, तर इंजिनखालच्या चेंबरमधलं ऑइल वळणात एका बाजूला जातंय आणि ऑइल ओढणारी नळी हवा खातेय. रस्त्यावरच्या गाडीचं चेंबर अशा वळणांसाठी केलेलंच नसतं. लेव्हल कमी असेल तर वरच्या खुणेपर्यंत भरा, घरी गेल्यावर चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या वेल्ड करून घ्या. वळणातल्या एक-दोन सेकंदांत बेअरिंग कोरडं पडतं, आणि सहा हजार आरपीएमला दोन सेकंद म्हणजे दोनशे फेरे.

आवाजाचं पण शिकून घ्या. वरून येणारी टिक टिक, इंजिनच्या निम्म्या वेगानं, ती बहुतेक टॅपेटची (वॉल्व्ह दाबणारा भाग), कारण कॅमशाफ्ट क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगानं फिरते. (आपल्या सोलापुरात कॅमशाफ्ट बनतात, प्रिसिजनच्या कारखान्यातून त्या कुठल्या कुठल्या देशांत जातात, होटगी रोडला किर्लोस्कर फेरसमध्ये इंजिनाची कास्टिंग ओततात, पोरांनी हे जाऊन बघावं असं मला फार वाटतं.) टॅपेटवर फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून फट नीट केली की तो रविवार निघतो. खालून येणारा जड ठोका, रेस दिल्यावर वाढणारा, तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा. त्याच्यावर तो रविवार निघत नाही.

डिसेंबरात एकदा हेच झालं. फायनलच्या आधी भाचा गाडी आत घेऊन आला, स्लोला काही नाही, थोडी रेस दिली की खालून ठक् ठक्. ऑइलचा काटा स्लोला नेहमीपेक्षा खाली. पोरं म्हणाली, "आठच राउंड आहेत मामा, जाऊ द्या की." मी चावी काढून खिशात घातली. भाचा माझ्याशी बोलला नाही, ट्रेलरवर गाडी चढवताना पण नाही. मला पण वाईट वाटत होतं, वर्षभर पैसे साठवून तयार केलेली गाडी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आधी ऑइल फिल्टर कापला. कागदाच्या घड्या उलगडून उजेडात धरल्या तर सोनेरी लालसर चमचम, लोहचुंबकाला चिकटत नव्हती, म्हणजे लोखंड नव्हे, बेअरिंगचा थर. चेंबर उतरवलं, तिसऱ्या सिलेंडरची कॅप खोलली, बेअरिंगचं शेल घासून आतलं तांबं उघडं पडलेलं. भाच्याला म्हटलं क्रँकवर नख फिरव. त्यानं फिरवलं, परत फिरवलं, नख कुठं अडकलं नाही. क्रँक वाचली होती. मायक्रोमीटर लावून माप घेतलं, पॉलिश करून शेलचा नवीन सेट टाकला, चेंबरमध्ये पट्ट्या मारल्या. त्याच इंजिनवर तो आता पळतोय, आणि राउंड संपला की उतरायच्या आधी, हेल्मेट तसंच डोक्यावर ठेवून, डॅशवर चिकटवलेल्या वहीत लिहितो, कितव्या राउंडला, कुठल्या वळणात, ऑइलचा काटा कुठं होता.